‘लिंक नाही’ म्हणजे नेमके कुठे काय नाही? टेलिफोन, केबल आणि नेटवर्कचे नेहमीचे शब्द



बँकेत माझी अडतीस वर्षे गेली. शेवटच्या पंधरा वर्षांत काउंटरवर मी सर्वांत जास्त वेळा कोणते वाक्य बोललो असेन, तर ते म्हणजे ‘आज लिंक नाही, उद्या या.’ खेड्यातून बसने आलेला पेन्शनर हातात पासबुक घेऊन समोर उभा असायचा आणि मी हे वाक्य बोलून मोकळा व्हायचो. ही लिंक कुठून येते, कुठे जाते, आज कुठे तुटली, हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हते. तोही बिचारा विचारायचा नाही. निवृत्त होऊन रामाकोन्याला घरी आल्यावर हा विषय हाती घेतला, त्यामागे ही थोडी टोचणी होती.

दुसरे कारण गेल्या वर्षीचे आहे. शेजारच्या मुलीला कॉलेज प्रवेशाचा पसंतीक्रम ऑनलाइन भरायचा होता आणि शेवटच्या दोन दिवसांत घरचे नेट बंद पडले. वडिलांनी पाच वेळा फोन केला. पाचही वेळा ‘नेट चालत नाही’ एवढेच सांगितले आणि पाचही वेळा ‘डबा बंद करून पुन्हा चालू करा’ एवढेच उत्तर मिळाले. शेवटी बापलेक रात्री मोटरसायकलवर सौंसरला गेले आणि एका ओळखीच्या घरी बसून फॉर्म भरला. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, ‘काकाजी, त्या डब्यावर लाल लाइट लुकलुकत होता जी. आम्हाले वाटलं, तो तसाच रायते.’ तो लाल दिवा पहिल्या मिनिटापासून सांगत होता की डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही. डबा शंभर वेळा बंद-चालू केला असता तरी काही झाले नसते. फायबर दाराच्या चौकटीत चेपली गेली होती. हे फोनवर सांगता आले असते, तर पहिल्याच दिवशी लाइनमन आला असता.

म्हणून हा लेख. मी इंजिनीअर नव्हे, बी.कॉम. आहे. जे समजले ते खात्रीच्या माणसांकडून तपासून घेतले आहे. शब्द अ-आ-इ-ईच्या क्रमाने दिलेले नाहीत. तार जशी बाहेरून घरात येते, तसे घेतले आहेत.

एक्स्चेंज, ट्रंक आणि सर्कल

जुन्या लग्नपत्रिका काढून पाहा. खाली फोन नंबरापुढे ‘पी. पी.’ असे छापलेले दिसेल. पी. पी. म्हणजे ‘पर्टिक्युलर पर्सन’. फोन शेजाऱ्याचा, निरोप आपला. अख्ख्या मोहल्ल्यात एखादाच फोन असायचा आणि तो ज्यांच्या घरी असे त्यांच्या सुनेला दिवसभर अंगणात येऊन हाका माराव्या लागत.

त्या फोनपासून तांब्याच्या दोन तारा निघत. या दोघींना ‘पेअर’ म्हणजे जोडी म्हणतात. ती जोडी आधी खांबावरच्या लहान पेटीत, मग मोठ्या केबलमध्ये आणि शेवटी ‘एक्स्चेंज’मध्ये जाई. खांबावरच्या पेटीला टेलिफोनवाले ‘डीपी’, म्हणजे डिस्ट्रिब्यूशन पॉइंट म्हणत. आपल्याकडे शेतात विजेच्या ट्रान्सफॉर्मरलाही डीपी म्हणतात. दोन्ही वेगळ्या आहेत. तक्रार करताना टेलिफोनची की विजेची ते सांगावे, नाहीतर माणूस भलत्याच खांबावर चढतो.

एक्स्चेंज म्हणजे जोड्या जुळवणारे कार्यालय. एकाच एक्स्चेंजमधला फोन तो लोकल. दोन एक्स्चेंजना जोडणारी लाइन ती ‘ट्रंक’, म्हणून बाहेरगावचा फोन तो ट्रंक कॉल. तो ऑपरेटरकडे बुक करायचा आणि वाट पाहत बसायचे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे दर असत. १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान भारतातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. एसटीडीचे पूर्ण रूप ‘सबस्क्रायबर ट्रंक डायलिंग’. म्हणजे ऑपरेटरला न सांगता ग्राहकाने स्वतःच ट्रंकवर नंबर फिरवायचा. पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ बूथ आपल्याला आठवतात, पण या तीन अक्षरांचा अर्थ तेव्हा फार थोड्यांना माहीत होता.

एक गंमत पाहा. नागपूरचा एसटीडी कोड ०७१२ आणि छिंदवाड्याचा ०७१६२. दोन्हींची सुरुवात सारखी. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्ये वेगळी झाली, नागपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो, पण टेलिफोनच्या आकड्यांनी भाऊबंदकी केली नाही.

ती केली मोबाइलने. मोबाइलचा धंदा ‘सर्कल’नुसार वाटला गेला. सर्कल म्हणजे कंपनीला सेवा देण्याचा परवाना मिळालेला प्रदेश. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून एक सर्कल, महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे, मुंबई पुन्हा वेगळी. त्यामुळे सौंसरचे सिम घेऊन सावनेरच्या बाजारात गेलो की आपण ‘रोमिंग’मध्ये, म्हणजे परक्या सर्कलमध्ये. आलेला फोन उचलला तरी पैसे कटत. सीमेजवळच्या आपल्या काही शेतांत तर माणूस आपल्याच बांधावर उभा असे आणि मोबाइल महाराष्ट्राचा टॉवर पकडून ‘महाराष्ट्रात आपले स्वागत आहे’ असा संदेश दाखवत असे. मुलगी नागपूरला, सासर सौंसरला, अशा घरांनी यात किती पैसे घातले त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ३ जुलै २०१५ पासून सर्कल बदलले तरी नंबर तोच ठेवण्याची सोय देशभर झाली. तिचे नाव ‘नंबर पोर्टेबिलिटी’. नंतर रोमिंगचा आकारही गेला. तरीही नेटवर्क सतत इकडून तिकडे उड्या मारत असेल, तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक’ काढून आपली कंपनी हाताने निवडावी. सीमेवरच्या गावांत हा उपाय आजही कामाला येतो.

नॅरोगेज, ब्रॉडगेज आणि बँडविड्थ

‘बँडविड्थ’ला सगळे वेग म्हणतात. खरे तर ती रुंदी आहे. आपल्या स्टेशनवरून नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज जायची, तिचे रूळ अडीच फुटांचे. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली आणि त्या जागी साडेपाच फुटांचे ब्रॉडगेज आले. रूळ रुंद, म्हणून डबा मोठा आणि एका खेपेत माल जास्त. बँडविड्थ ही अशीच, एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येते त्याचे माप आहे.

त्या मापातच बहुतेकांची गफलत होते. मागच्या महिन्यात एका सभासदांनी मला प्लॅनची पावती आणि संगणकाचा पडदा दोन्ही दाखवले. ‘पैसे शंभरचे घेतात आणि मिळतात बारा.’ फसवणूक नव्हती. प्लॅन १०० मेगाबिट प्रतिसेकंद असा होता आणि संगणक मेगाबाइट दाखवत होता. आठ बिट मिळून एक बाइट होतो. शंभरला आठने भागा, साडेबारा येतात. इंग्रजीत लिहिताना लहान ‘बी’ म्हणजे बिट आणि मोठा ‘बी’ म्हणजे बाइट, एवढ्याच फरकावर सगळी जाहिरात उभी असते. मात्र ‘एफयूपी’ हा शब्द बारीक अक्षरात असतो तो जरूर वाचावा. फेअर युसेज पॉलिसी, म्हणजे महिन्याचा ठरलेला कोटा संपला की वेग कमी. ‘अनलिमिटेड’चा अर्थ तिथे कळतो. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी आम्ही ग्राहकांना बारीक अक्षरे वाचायला सांगत असू, तोच नियम इथेही पाळावा.

‘लेटन्सी’ मात्र वेगळी गोष्ट. रूळ कितीही रुंद असोत, निघालेला पहिला डबा पोचायला किती वेळ लागतो, ती लेटन्सी. हे मला शाखेत कळायला हवे होते. दूरच्या शाखांच्या छतावर पांढरी थाळी असे, तिला ‘व्हीसॅट’ म्हणतात. १९९९ मध्ये हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेने बँकांसाठी ‘इन्फिनेट’ हे जाळे उभे केले, तेही सुरुवातीला व्हीसॅटवरच होते. थाळीचा संदेश सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे जातो आणि तेवढाच खाली येतो. प्रश्न जाणार ७२ हजार किलोमीटर, उत्तर येणार ७२ हजार. प्रकाशाच्या वेगानेही याला अर्धा सेकंद लागतो. एका व्यवहारात असे प्रश्नोत्तर दहा-वीस वेळा झाले की ग्राहकाला वाटते, साहेब मुद्दाम हळू काम करतात. फायबरमधून नागपूरपर्यंत संदेश पोचायला एक हजारांश सेकंदही लागत नाही. परदेशातल्या नातवंडांशी व्हिडिओवर बोलताना दोघेही एकदम बोलतात आणि दोघेही एकदम थांबतात, तिथे बहुधा लेटन्सी आडवी येते. मोठा प्लॅन घेऊन ती कमी होईलच असे नाही.

‘लीज्ड लाइन’ म्हणजे फक्त आपल्यासाठी भाड्याने राखून ठेवलेली वाट. घरचे ‘ब्रॉडबँड’ अनेकांत वाटलेले असते, म्हणून ते स्वस्त आणि म्हणूनच रात्री नऊ वाजता सुस्त.

‘मोडेम’ हा शब्द मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांची अर्धी-अर्धी अक्षरे घेऊन झाला आहे. संगणकाचे आकडे फोनच्या तारेवर चालतील अशा रूपात बदलायचे आणि पलीकडे पुन्हा आकडे करायचे. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या डायल-अपच्या जमान्यात मोडेमचा किर्र-खर्र आवाज ऐकणे हाच नेट लागल्याचा पुरावा होता. सर्वांत वेगवान मोडेम ५६ किलोबिटचा. म्हणजे आज आपण व्हॉट्सअ‍ॅपवर सहज टाकतो त्या तीन एमबीच्या एका फोटोला सात मिनिटांहून जास्त लागले असते आणि तेवढा वेळ घरचा फोन एंगेज.

काचेचा धागा

‘ऑप्टिकल फायबर’ म्हणजे केसासारखा बारीक काचेचा धागा. लांब अंतराच्या फायबरमध्ये बाहेरची काच १२५ मायक्रॉनची आणि आत प्रकाश जातो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गाभ्याला ‘कोअर’ आणि भोवतीच्या काचेला ‘क्लॅडिंग’ म्हणतात. आत शिरलेला प्रकाश बाहेर न पडता पुढे सरकत राहतो. या शास्त्राला ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ केले ते पंजाबात मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी. २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

धाग्याला जोरात मुडपले की प्रकाश वळणावर बाहेर निसटतो. आपल्याकडे फायबर घरात आणताना लोक तिला विजेच्या वायरसारखी कोपऱ्यात घट्ट ठोकतात, खिडकीच्या झडपेत दाबतात, उरलेली गुंडाळून वर सुतळी बांधतात. ती तुटलेली दिसत नाही, पण प्रकाश गळत असतो. उरलेल्या फायबरचे वेटोळे ताटाएवढे सैल ठेवावे. आणि एक सूचना कृपया मुलांना द्या: फायबरच्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नये. आतला लेसर डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

तुटलेली फायबर गाठ मारून जोडता येत नाही. दोन टोके समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीने काच वितळवून जोडतात, त्याला ‘स्प्लायसिंग’ म्हणतात. तो लहान डब्यासारखा यंत्र-संच घेऊन रस्त्याकडेला छत्री लावून बसलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. ‘ओटीडीआर’ हे त्याचे दुसरे यंत्र. एका टोकातून प्रकाशाचा ठोका पाठवायचा, परत आलेल्या उजेडाला किती वेळ लागला ते मोजायचे आणि तार किती मीटरवर तुटली ते सांगायचे. विहिरीत दगड टाकून आवाजावरून खोली काढतात, तसे.

तुटते कशाने? बहुतेक वेळा जेसीबीने. पाइपलाइन, रस्ता, नाली, कशासाठीही खोदले की फायबर वर येते. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे अ‍ॅप आणले, त्यात खोदणाऱ्याने आधी खाली कोणाची केबल आहे ते विचारायचे असते. शाखेत दोन दिवस लिंक नव्हती आणि सत्तर-ऐंशी पेन्शनर परत गेले, ते अशाच एका नालीच्या खोदकामामुळे, हे मला नंतर कळले. त्या दोन दिवसांत मी त्यांना काहीच सांगू शकलो नव्हतो.

घरापर्यंत फायबर येते त्या पद्धतीला ‘एफटीटीएच’, म्हणजे फायबर टू द होम म्हणतात. कंपनीच्या टोकाला ‘ओएलटी’ असते, आपल्या घरी ‘ओएनटी’. बोलीत आपण त्यालाच डबा, मोडेम किंवा राउटर म्हणतो. मध्ये खांबावर ‘स्प्लिटर’ असतो, तो एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटतो. एकाचे बत्तीस भाग केले की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन टक्के. प्रकाशाचे हे माप ‘डीबीएम’मध्ये देतात आणि ते उणे असते. दर तीनने उणे वाढले की प्रकाश निम्मा. उणे २० असेल तर उत्तम. उणे २७ म्हणजे काठावर, आज चालेल, उद्या पावसात बंद पडेल. लाइनमन मीटर लावतो तेव्हा हा आकडा विचारून वहीत तारखेसह लिहून ठेवावा. पुढच्या वेळी तुलना करता येते. माझ्या घरचा आकडा आठ महिन्यांत उणे २१ वरून उणे २५ वर घसरला होता. वही दाखवली तेव्हाच खांबावरचा जोड बदलून मिळाला.

ओएनटीमध्ये प्रकाशाचे रूपांतर तारेवरच्या विजेत होते. इतवारीला ब्रॉडगेजचा माल उतरवून नॅरोगेजमध्ये भरायचे, तेच काम. फक्त हमाल नाहीत. फायबर आणि तांबे यांच्यामध्ये असा बदल करणाऱ्या वेगळ्या लहान डबीला ‘मीडिया कन्व्हर्टर’ म्हणतात.

ओएनटीवरचे तीन दिवे ओळखा. ‘पॉवर’ म्हणजे वीज. ‘पॉन’ स्थिर हिरवा म्हणजे कंपनीच्या ओएलटीशी ओळख पटली. ‘लॉस’ किंवा एलओएस लाल लुकलुकतो तेव्हा प्रकाश येत नाही. एलओएस म्हणजे ‘लॉस ऑफ सिग्नल’. शेजारच्या मुलीचा लाल दिवा तो हाच.

पंचायतीच्या भिंतीवर ‘भारतनेट’ची पेटी दिसते, तिचीही ओळख इथेच करून देतो. २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर झाली, पुढे तिचे नाव भारतनेट झाले. दर पंचायतीला किमान १०० मेगाबिट हे उद्दिष्ट. सुरुवातीच्या रचनेत ब्लॉकपासून एक फायबर सरळ पंचायतीपर्यंत जाई. ती तुटली की गाव बंद. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत ‘रिंग’ आहे, म्हणजे तार गोल फिरवून दोन्हीकडून जोडणे. एक बाजू तुटली तर दुसऱ्या बाजूने चालू. गावाला दोन रस्ते असले की पुरात एक तरी उघडा राहतो. नव्या कामात आपल्या पंचायतीला रिंग मिळते की जुनाच सरळ धागा, हे ग्रामसभेत विचारण्यासारखे आहे.

घरातली तांब्याची केबल आणि आमची फजिती

डब्यापासून संगणक, टीव्ही किंवा कॅमेऱ्यापर्यंत जाणारी निळी-करडी केबल म्हणजे ‘यूटीपी’. तिच्यात आठ तारा, चार जोड्यांत पिळलेल्या. पिळण्याचे कारण आहे. बाहेरचा विजेचा गोंधळ दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला दोघींतला फरक घेतला की तो गोंधळ वजा होतो. टोकाला पारदर्शक प्लास्टिकचा आठ दातांचा ‘आरजे-४५’. फोनचा छोटा तो ‘आरजे-११’. ‘कॅट-५ई’ आणि ‘कॅट-६’ हे दर्जे आहेत. घरासाठी कॅट-५ई पुरते, ती एक गिगाबिटपर्यंत चालते. नवीन वायरिंग भिंतीत गाडायचे असेल तर कॅट-६ टाकावी. दोन्हींची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे सिग्नल थकतो.

आता फजिती. मंडळाच्या सभागृहात कॅमेरे आणि वाचनालयात दोन संगणक बसवायचे ठरले. हिशेब माझ्याकडे. ठेकेदाराने कॅट-६ केबलच्या दोन पेट्यांचे बिल दिले, मी दर पाहिला, बेरीज पाहिली, सही केली. पहिल्याच पावसाळ्यात दूरचे दोन कॅमेरे रात्री बंद पडू लागले. तिसरा ठेकेदार आला, त्याने केबल सोलून ब्लेडने तार खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरी. ‘सीसीए’ म्हणजे कॉपर क्लॅड अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. खोट्या सोन्याच्या पाटल्या बँकेत गहाण ठेवायला आणतात, तसलाच प्रकार, फक्त मी तेव्हा कसोटीचा दगड बाहेर काढला नाही.

अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच वीज वाहून नेते, वाकवले की तुटते, जोडावर हवा-ओल लागून खराब होते. कॅट-६ च्या मानकात सीसीए बसतच नाही, मग पेटीवर काहीही छापलेले असो. आमच्या कॅमेऱ्यांना तर त्याच केबलमधून वीजही जात होती. या पद्धतीला ‘पीओई’, म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट म्हणतात. रात्री कॅमेऱ्याचे दिवे लागले की वीज जास्त लागे, लांब अ‍ॅल्युमिनियममध्ये ती रस्त्यातच खर्ची पडे आणि कॅमेरा झोपे. चोरी झाली नाही, हे नशीब. पैसे मात्र मंडळाचे गेले आणि त्याची नोंद मी अहवालात माझ्या नावाने केली आहे.

तुम्ही घेताना तीन गोष्टी करा. पेटीवर आणि बिलावर ‘सॉलिड कॉपर’ किंवा ‘बेअर कॉपर’ लिहून घ्या. पेटी ३०५ मीटरची असते, म्हणजे हजार फूट. तांब्याची आणि सीसीएची पेटी दोन हातांत उचलून पाहिली तर वजनातला फरक लगेच कळतो. आणि सही करण्याआधी एक तार खरवडा.

विजेच्या कडकडाटाविषयीही सांगायचे राहते. दोन इमारतींच्या मध्ये उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नये. सातपुड्याच्या पायथ्याशी वळवाचा पाऊस कसा येतो ते आपल्याला माहीत आहे. जवळ वीज पडली तर ती केबल दोन्हीकडची यंत्रे जाळते. काच वीज वाहून नेत नाही, म्हणून तिथे लोखंडी तार नसलेली फायबर टाकावी.

राउटर, स्विच, वाय-फाय

‘स्विच’ एकाच घरातल्या यंत्रांना एकमेकांशी जोडतो. ‘राउटर’ घरच्या जाळ्याला बाहेरच्या जाळ्याशी जोडतो. शाखेत टपाल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेणारा शिपाई म्हणजे स्विच आणि जावक नोंदवहीचा बाबू म्हणजे राउटर. आपल्या डब्यात हे दोन्ही आणि ओएनटीही एकत्रच असतात, म्हणून नावांचा घोटाळा होतो.

वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. हे वाक्य मी घरोघर सांगत फिरतो. वाय-फाय ही डब्यापासून मोबाइलपर्यंतची बिनतारी दहा-वीस पावले आहेत. वाय-फायचे चिन्ह पूर्ण दिसते आणि तरीही काही उघडत नाही, याचा अर्थ ही पावले ठीक आहेत, पुढचा रस्ता बंद आहे. त्याला दोन पट्टे असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिला भिंतीतून बऱ्यापैकी जातो पण सावकाश, दुसरा वेगवान पण आपल्या जुन्या घरांच्या दीड फुटी मातीच्या भिंतीपुढे हात टेकतो. डब्यावर नावापुढे ‘५जी’ लिहिलेले असते ते या पाच गिगाहर्ट्झचे. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात सुरू झालेल्या मोबाइलच्या फाइव्ह-जीशी, म्हणजे पाचव्या पिढीशी, त्याचा संबंध नाही. ‘फाइव्ह-जी राउटर’ म्हणून कोणी जादा पैसे मागितले तर नेमके कोणते पाच ते विचारा. आणि डबा लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवू नका. मी स्वतः तीन घरी तो गोदरेजमधून बाहेर काढला आहे.

पत्ते आणि नोंदवह्या

‘आयपी अ‍ॅड्रेस’ हा नेटवरचा पत्ता. बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवा शून्य, शेवटची सहा शाखेची. आयपीमध्येही पुढचा भाग जाळे सांगतो, मागचा त्यातले यंत्र. जुन्या पद्धतीत, म्हणजे ‘आयपीव्ही-४’मध्ये, एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. जगाच्या लोकसंख्येहून कमी. पत्ते पुरणार नाहीत हे ओळखून ‘आयपीव्ही-६’ आधीच तयार झाले होते; २०११ मध्ये मध्यवर्ती साठा संपला, पण नवी पद्धत सगळीकडे पोचायला वेळ लागत होता.

तोवर काम भागवले ‘नॅट’ने. आपल्या घरी प्रत्येक मोबाइलला १९२.१६८ ने सुरू होणारा आतला पत्ता मिळतो, बाहेर मात्र सगळ्यांचा एकच. शाखेत टेबलाटेबलावर एक्स्टेन्शन, बाहेर नंबर एकच, तसे. कोणते उत्तर कोणत्या मोबाइलचे, याची नोंद राउटर ठेवतो. आतले पत्ते आपोआप वाटणारा तो ‘डीएचसीपी’. ‘मॅक अ‍ॅड्रेस’ मात्र यंत्राला कारखान्यातच मिळतो, नोटेवरच्या क्रमांकासारखा.

‘डीएनएस’ म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी. आपण नाव लिहितो, ती आकड्यांचा पत्ता शोधून देते. व्हॉट्सअ‍ॅप चालते पण एकही वेबसाइट उघडत नाही, असे झाले तर संशय इथे घ्यावा. ‘पॅकेट’ म्हणजे माहितीचा लहान लिफाफा. मोठी फाइल हजारो लिफाफ्यांत जाते. काही हरवले तर पुन्हा मागवतात आणि व्हिडिओ बोलण्यात तेवढा वेळ नसतो म्हणून तिथे चेहऱ्याचे चौकोन होतात. ‘पोर्ट’ हे खिडकीचे नंबर आहेत, सुरक्षित वेबसाइटची खिडकी ४४३. ‘फायरवॉल’ म्हणजे दारावरचा बंदूकवाला. कोणाला आत सोडायचे ते त्याला आधी सांगून ठेवलेले असते. मात्र ओटीपी आपणच फोनवर सांगितला, तर तो काही करू शकत नाही.

तक्रार अशी लिहावी

सगळे शब्द लक्षात ठेवायची गरज नाही. नेट बंद पडले की क्रमाने चार गोष्टी पाहा. डब्याला वीज आहे का. एलओएस लाल आहे का. केबलने जोडलेला संगणक चालतो का, की फक्त वाय-फायवरचा मोबाइल अडला आहे. आणि शेजाऱ्याकडे त्याच कंपनीचे नेट चालू आहे का. शेवटच्या प्रश्नाला फार किंमत आहे. दोघांचेही बंद म्हणजे बिघाड खांबावर किंवा पुढे, एकट्या तुमचेच बंद म्हणजे खांबापासून घरापर्यंत.

मग फोनवर ‘नेट नाही’ म्हणू नका. असे सांगा: ‘सकाळी सव्वानऊपासून बंद आहे. डब्याला वीज आहे, एलओएस लाल लुकलुकतो, रीस्टार्ट करून पाहिले, शेजारी चालू आहे.’ पलीकडच्या माणसाकडे मग डबा बंद-चालू करायला सांगण्याचे कारण उरत नाही. तक्रारीचा ‘डॉकेट नंबर’ मागून घ्या आणि वेळेसह लिहून ठेवा. पावतीशिवाय पैसे भरू नयेत, तशी डॉकेटशिवाय तक्रार सोडू नये.

मंडळाच्या वाचनालयात या चार प्रश्नांच्या छापील चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. डब्याच्या पाठीमागे चिकटवायला एक घेऊन जावी. शेजारच्या त्या मुलीने आपल्या घरी पहिली लावली आणि तिच्या खाली पेनने स्वतःच एक ओळ जोडली आहे: ‘दार लावण्याआधी तार पाहा.’